अब्बांचे रविवार

कारखान्याच्या फाटकातून आत शिरल्यावर मी सगळ्यात आधी वास शोधला. तो नव्हता.

पूर्वी या भिंतींच्या आत जळक्या काकवीचा वास असायचा. वाळूचे साचे घट्ट बसावेत म्हणून ओतारी लोक वाळूत काकवी मळायचे. तिच्यावर तापलेलं लोखंड ओतलं की गुऱ्हाळातली कढई करपल्यासारखा गोड, कडवट, जड धूर उठायचा. तो धूर पत्र्यांतून बाहेर पडून शेजारच्या उसावर रेंगाळायचा, आणि संध्याकाळी अब्बांच्या सदऱ्यात बसून आमच्या घरी यायचा. अम्मा तो सदरा दोरीवर टाकायची. मी खालून जाताना मुद्दाम थांबायची.

आता तिथं गुळगुळीत राखाडी फरशी होती, पिवळे पट्टे होते आणि पट्ट्यांच्या आतून चाला अशी पाटी होती. हवेला दवाखान्यासारखा काहीतरी औषधी वास होता. शिंदे मॅडम माझ्या पुढं चालत होत्या. त्या मागं वळून म्हणाल्या, "काय झालं ओ? थांबला का?"

"काही नाही," मी म्हटलं. "इथं माझे वडील कामाला होते."

आम्ही बावीस शिक्षक होतो. शाळा आणि उद्योगांतलं तंत्रज्ञान बघायला आमचा दोन दिवसांचा अभ्यासदौरा निघाला होता. माझी शाळा कवठे महांकाळच्या बाजूला, माळावर, दोन खोल्यांची. पहिल्या दिवशी आम्ही साताऱ्याजवळची एक शाळा बघितली. तिथं सातवीतल्या एका मुलीनं पाटीएवढ्या काचेवर माणसाचं काळीज बोटानं फिरवून दाखवलं. "बाई, तुमच्या बाजूनं दिसंल असं करू का?" ती म्हणाली आणि ते लाल, धडधडणारं चित्र अलगद माझ्याकडं वळलं. वर्गात पडदे ओढलेले होते, पंख्याचासुद्धा आवाज नव्हता, आणि मला एखाद्या खोल विहिरीच्या तळाशी बसून वर बघावं तसं वाटत होतं. मी वहीत सगळं लिहून घेत होते. दौऱ्यानंतर अहवाल द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत एका कारखान्याचं नाव होतं. मालक बदलले, नाव बदललं, त्यामुळं मला ते ओळखू आलं नाही. बस कुंडलच्या अलीकडं डावीकडं वळली, द्राक्षबागांवरच्या फवारणीचा वास खिडकीतून आत आला, कडुलिंबांची रांग दिसली, आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की मी या रस्त्यानं सायकलच्या दांडीवर बसून कितीतरी वेळा आलेली आहे.

आत आम्हाला फिरवायला पांढऱ्या केसांचे एक इंजिनिअर होते, चौगुले साहेब. त्यांनी आम्हाला काचेच्या एका मोठ्या पेटीपुढं उभं केलं. पेटीत एक दांडा या कडेवरून त्या कडेला जात होता आणि जाताना वाळूचा थर पसरत होता, वहीच्या पानाइतका पातळ. त्याच्यामागून दुसरा दांडा यायचा आणि त्या थरावर न दिसणारा डिंक शिंपडायचा. कोरड्या जमिनीत पाणी मुरावं तसा वाळूवर एक काळपट आकार उमटायचा. परत थर. परत आकार. कुणाचाही हात लागत नव्हता. सगळे मोबाइल वर धरून बघत होते.

"ह्यातनं थेट साचा तयार होऊन बाहेर येतो," चौगुले साहेब म्हणाले. "आता पॅटर्न लागतच नाही."

तो शब्द मी किती वर्षांनी ऐकला. दांडा हलत राहिला, वाळू पसरत राहिली, आणि माझी पावलं जरी पिवळ्या पट्ट्याच्या आत होती तरी मी तिथं नव्हते.

अब्बा पॅटर्न करायचे. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची म्हणजे आधी तिचं हुबेहूब रूप लाकडात घडवावं लागे. ते वाळूत दाबून काढून घेतलं की वाळूत त्याची पोकळी राहायची, आणि त्या पोकळीत लोखंड जायचं. उसाच्या चरकाची दातेरी चाकं, इंजिनांची झाकणं, कप्प्या, पायांसारखे वाकडे ब्रॅकेट, हे सगळं आधी सागवानात जन्मायचं. अब्बा चौथी शिकलेले. पण नकाशा पुढं ठेवला की ते डोळे बारीक करून बराच वेळ गप्प बसायचे, आणि मग कागदाच्या मागच्या बाजूला काय असेल तेही सांगायचे. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. "आवं मिस्त्री," एवढंच.

पॅटर्न रूम भट्टीपासून लांब, कडेला होती. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची त्या दिवशी कामगारांच्या पोरांना आत सोडत. मला भट्टीचं फार भय वाटायचं, म्हणून मी सरळ त्या खोलीत जायची. तिथं उजेडही लाकडाच्या रंगाचा असायचा. लाखेचा वास, सरसाचा वास, नुकत्याच कापलेल्या सागवानाचा तेलकट वास. भिंतीला पटाशा लहानापासून मोठीपर्यंत ओळीनं लावलेल्या. रंध्यातून निघालेल्या लांब कुरळ्या साली जमिनीवर घोटाभर साचलेल्या असत आणि त्यातून चालताना सुकलेल्या पाल्यातून चालल्यासारखा आवाज यायचा. अब्बा त्यातल्या चांगल्या साली निवडून खिशात घालून आणायचे. मी त्या कानात अडकवायची, मनगटावर गुंडाळायची. अम्मा उरलेल्या सालींनी चूल पेटवायची, आणि मग चहाला सागवानाचा वास लागला म्हणून स्वतःच कुरकुरायची.

रमजानमध्ये कारखान्याचा भोंगा आणि संध्याकाळची मगरिबची अजान कधी कधी एकाच वेळी व्हायची. अब्बा सायकल लोटत अंगणात यायचे, भुवयांवर लाकडाचा भुसा, आणि हात धुण्याआधी खजूर उचलायचे नाहीत. थंडीत रस्त्यानं उसाच्या गाड्या चालायच्या, घुंगरांचा आवाज लांबपर्यंत येत राहायचा. अब्बा अंगणात बसून हत्यारांना धार लावायचे. दगडावर पाण्याचे थेंब, त्यावर पटाशी, पुढं मागं, पुढं मागं. तो आवाज ऐकत मला झोप लागायची.

पाचवीत असताना मी त्यांची पट्टी शाळेत नेली. पितळी, जड, दोन्ही टोकं गुळगुळीत झालेली. माझी पट्टी हरवली होती आणि गुरुजींनी आयत काढायला सांगितला होता. मी काढला. गुरुजींनी तपासला आणि म्हणाले, "चुकलाय." दुसऱ्यांदा काढला, तोही चुकला. मग त्यांनी त्यांची लाकडी पट्टी माझ्या पट्टीला लावून बघितली. वीस सेंटिमीटरला दोन मिलिमीटरचा फरक. माझी पट्टी लांब होती.

"ही पट्टी खोटी हाय," गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले.

त्या दिवसापासून मला वर्गात खोटी पट्टी म्हणायला लागले. मी घरी काही सांगितलं नाही, पण जेवले नाही, आणि अम्मानं काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी अब्बा अर्धी सुट्टी टाकून शाळेत आले. वर्गाच्या दारात चपला काढल्या. टोपी नीट केली.

"गुरुजी, पट्टी खोटी न्हाई," ते म्हणाले. "ती आमच्या कामाची हाय. लोखंड वततो तवा ते पाण्यावानी असतंय. गार व्हताना आकसतंय. म्हणून लाकूड आदीच जरा मोठं करायचं. दरवेळी हिशेब कोण करत बसणार, म्हणून पट्टीच लांब केल्याली असती."

गुरुजींनी आपली खुर्ची बाजूला सरकवली आणि म्हणाले, "मिस्त्री, हे पोरांना फळ्यावर सांगता का?"

अब्बांनी खडू हातात घेतला. तो कसा धरायचा हे त्यांना कळत नव्हतं, ते पेन्सिलीसारखा कानावर ठेवायला गेले आणि वर्ग हसला, तेही हसले. मग त्यांनी एक चाक काढलं. हातानं, एका दमात, कंपास न लावता. असं गोल वर्तुळ त्या फळ्यावर त्याआधी कुणी काढलेलं नव्हतं. तासभर ते बोलत होते आणि चाळीस पोरं गप्प बसली होती. मास्तरीण व्हायचं हे मी त्या दिवशी ठरवलं की नंतर केव्हातरी, ते आता सांगता येत नाही. पण आजही मी फळ्यावर वर्तुळ काढते तेव्हा माझं मनगट त्यांच्यासारखं वळवायला बघते, आणि ते वळत नाही.

मग एके वर्षी पॅटर्न रूम बंद झाली. कॉम्प्युटरवर चालणारं, लाकूड आपोआप कोरणारं यंत्र आलं होतं. मी तेव्हा साताऱ्याला डी.एड. करत होते आणि सुट्टीला घरी आले होते. भर दुपारी अब्बांची सायकल अंगणात आली. मागं हत्यारांची पेटी बांधलेली. त्यांनी पेटी उतरवली, घोंगडं अंथरलं आणि एकेक पटाशी बाहेर काढून तेलाचा बोळा फिरवायला लागले. पेटीतून पॅटर्न रूमचा वास आला. सगळी खोलीच त्यांनी उचलून आणल्यासारखी.

मी त्या वेळी एकोणीस-वीस वर्षांची. कॉलेजात नुकतीच कॉम्प्युटरची खोली झाली होती, आम्ही तिथं चपला काढून जायचो. मला सगळं समजलं आहे असं वाटण्याचं ते वय. मी अब्बांना म्हटलं, "जग पुढं चाललंय अब्बा. शिकावं लागतं. नाहीतर मागंच राहायचं."

ते एवढंच म्हणाले, "व्हय."

आणि पुढची पटाशी हातात घेतली. अम्मानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही. लागला तेव्हा अम्मा नव्हती.

नंतर काही दिवसांनी कारखान्यातला एक नवीन पोरसवदा इंजिनिअर घरी आला होता, एवढं आठवतं. तो काहीतरी विचारत होता. अब्बांनी त्याला चहा पाजला, घरी कोण कोण आहे विचारलं, आणि कामाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. तो मान खाली घालून गेला. मला अब्बांचा राग आला होता. अब्बा पुढं गावात दारं-चौकटी करत राहिले, दिवाण करत राहिले, दोन वर्षांनी माझ्या लग्नातलं कपाट त्यांनीच केलं. पॅटर्न रूम बंद झाली त्या पावसाळ्यात मी सुट्टीला आले की एक गोष्ट मात्र दिसायची. रविवारी सकाळी ते धुतलेला सदरा घालून सायकल बाहेर काढायचे. "कुठं?" विचारलं की म्हणायचे, "हाय जरा काम." चिखलातून सायकल लोटत ते कडुलिंबांच्या दिशेनं जायचे. मला वाटायचं पलूसला कुणा दोस्ताकडं जात असतील. विचारायचं राहून गेलं. माझं ते एक वाक्य आमच्या दोघांत कुठंतरी पडून राहिलं होतं आणि मी त्याला वळसा घालून चालायला शिकले होते.

चहाच्या वेळी आम्हाला एका लांबट खोलीत बसवलं. ओळख करून द्यायची होती. प्रत्येकानं उठून नाव, शाळा, गाव सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी नाव सांगितलं आणि म्हटलं, "मूळ गाव इथलंच, कुंडल. वडील इथंच कामाला होते."

चौगुले साहेबांनी कप खाली ठेवला. "कुंडलच्या पॅटर्नवाल्या मिस्त्रींच्या तुम्ही कोण?"

"लेक."

ते उठून माझ्याजवळ आले. खुर्ची ओढून बसले. बाकीच्यांच्या ओळखी चालू राहिल्या, ते मात्र माझ्याशीच बोलत होते, हळू आवाजात.

"मी नवीन लागलो होतो. सांगलीचा पोरगा, पुस्तकं पाठ. यंत्र आलं, पण आमचे निम्मे साचे फुटायचे. मी तुमच्या घरी विचारायला आलो होतो. मिस्त्रींनी चहा पाजून पाठवून दिलं."

"मला आठवतंय," मी म्हटलं.

"मग एका रविवारी ते आपणहून आले. गेटवर उभे. मी म्हटलं, मिस्त्री, बरं झालं आलात, आम्हाला शिकवा. तर म्हणाले, मी शिकवाय आलो न्हाई, शिकाय आलोय. माझी लेक मास्तरीण व्हणार हाय. ती म्हणती, शिकावं लागतं."

माझ्या हातातल्या चहावर साय धरत होती.

"पावसाळाभर यायचे, दर रविवारी. कॉम्प्युटरपुढं बसवलं की माऊस असा दोन्ही हातांनी धरायचे, रंधा धरतात तसा. पडद्यावर आडवं जायचं तर अख्खा खांदा हलायचा. मला हसू यायचं, मग माझं हसू थांबलं. कारण पडद्यावर चित्र फिरलं की ते बोट ठेवायचे, हितं फाटणार बघा. आणि तिथंच फाटायचं. कुठं किती गोलाई, कुठं किती उतार, ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. ती वही आजही आमची नवीन पोरं वापरतात. कुणाची ते त्यांना माहीत नाही. मग माझी दुसरीकडं बदली झाली. परत आलो तोवर गेटवर पास लागायला लागला होता. त्यांना कुणी आत सोडलं नसेल. मी चौकशी करायला हवी होती. केली नाही." मग त्यांनी विचारलं, "आहेत का मिस्त्री?"

"आहेत," मी म्हटलं. "कुंडललाच, भावाकडं."

त्यांनी आपला नंबर माझ्या वहीत लिहून दिला.

परतताना मी कुंडलच्या स्टँडवर उतरले. शिंदे मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "अहवालाचं बघा हां." बस गेली. तिन्हीसांजेचा उजेड होता, घराघरांतून भाकरी भाजल्याचा वास येत होता, आणि लहानपणच्या त्या गल्लीतून मी अशी चालले की पायाखाली जमीन आहे की पाणी ते कळू नये.

अब्बा अंगणात बाजेवर बसले होते. आता ते फार बारीक झाले आहेत. उजवा हात सतत थरथरतो, त्यामुळं ते तो डाव्या हाताखाली धरून बसतात. मला बघून म्हणाले, "अवचित कशी गं बाय?"

मी त्यांच्या शेजारी बसले. रस्त्यानं येताना बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. शेवटी म्हटलं, "अब्बा, चौगुले साहेब भेटले. रविवारचं सगळं सांगितलं. मला कधी बोलला नाहीत."

"काय सांगायचं त्यात? मला काय ते यंत्र आलंच न्हाई नीट." ते हसले. "हात आयकायचा न्हाई."

"मी तेव्हा तसं बोलायला नको होतं."

त्यांनी थरथरता हात डाव्या हाताखालून काढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. तो माझ्या गुडघ्यावरही हलत राहिला. "बरं बोलली हुतीस," ते म्हणाले. "राग आला व्हता दोन दिस. मग पटलं. त्या रविवारांत लय गंमत आली मला." आणि मग डोळे बारीक करून, पूर्वी नकाशा पुढं ठेवल्यावर करायचे तसे, त्यांनी विचारलं, "आता काय काय बघितलंस आत? सांग."

मी सांगितलं. काचेची पेटी, पसरणारी वाळू, शिंपडला जाणारा डिंक, पॅटर्नशिवाय तयार होणारा साचा. वाटलं होतं, पॅटर्न लागतच नाही हे ऐकून त्यांना वाईट वाटेल, म्हणून ते मी सगळ्यात शेवटी आणि सावकाश सांगितलं. ते ऐकत होते. भाभीनं दिवा लावला. मग त्यांनी मान वर केली.

"मग लोखंड वतल्यावर आतली हवा कुठनं जाती?"

"म्हणजे?"

"डिंक जळणार की. त्याचा धूर व्हणार. आमी वाळूला तारेनं भोकं मारायचो, धूर बाहीर काढायला. हिथं कुणी भोकं मारली? का यंत्रच ठेवतंय? आन ठेवतंय तर त्याला कळतंय कसं, कुठं ठेवायची?"

मी वही उघडली. दोन दिवसांची अकरा पानं भरली होती. त्यात हवेबद्दल काहीच नव्हतं. आम्ही बावीस शिक्षक त्या काचेपुढं उभे होतो, आणि आमच्यातल्या एकालाही हा प्रश्न पडला नव्हता.

"मला माहीत नाही, अब्बा," मी म्हटलं. "मी विचारलंच नाही."

"मग विचार की," ते म्हणाले.

मी चौगुले साहेबांचा नंबर लावला आणि फोन अब्बांच्या कानाला धरला, कारण त्यांच्या हातात तो ठरत नव्हता. पलीकडून "मिस्त्री?" असा आवाज आला. अब्बांनी ख्यालीखुशाली विचारली नाही, इतक्या वर्षांत का आला नाहीत असंही विचारलं नाही. ते सरळ म्हणाले, "सायेब, त्या हवेचं काय केलं तुमी?"

पलीकडं चौगुले साहेब बोलायला लागले. अब्बा ऐकत होते, मध्येच "व्हय, व्हय, पण कोपऱ्यात?" असं म्हणत होते. माझा हात अवघडला तसा मी फोन दुसऱ्या हातात घेतला आणि त्यांच्या आणखी जवळ सरकून बसले, मलाही ऐकू यावं म्हणून.